झोपमोड: दरबारी, दुधी भोपळा आणि मनगटावरचा मास्तर

अर्धजागा, रात्री १:४७

वेळ पाहिलीत ना? पावणेदोन. सकाळी साडेनऊला ऑफिसचा कॉल आहे आणि मी इथे फोरमवर धागा काढून बसलोय.

मार्चपासून झोपेची पार वाट लागली आहे. त्याआधी पाठ टेकली की पाचव्या मिनिटाला घोरायचो (साक्षीदार: बायको). आता दीड-दोनपर्यंत या कुशीवरून त्या कुशीवर. पोटासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, त्यामुळे काही बिघडलं की आधी मोजायला घ्यायचं ही खोड. घेतलं एक घड्याळ. ते रात्रभर मनगटावर हिरवे दिवे लुकलुकवतं आणि सकाळी शंभरपैकी गुण देतं. परवा ५८ दिले. गंमत म्हणजे ५८ वाचेपर्यंत मला चांगलं ताजंतवानं वाटत होतं. वाचल्याबरोबर जांभई आली.

आता गाण्याकडे येतो. झोपताना काहीतरी ऐकायची सवय कॉलेजपासूनची. तेव्हा फोनमध्ये २ जीबीचं कार्ड, त्यात मोबाइलच्या दुकानातल्या पोऱ्याने भरून दिलेली गाणी. १२८ केबीपीएसची एमपी३, म्हणजे मिनिटाला जेमतेम एक एमबी, आणि निम्म्यांचं नाव 'ट्रॅक ०७'. डोळे मिटायला तेवढं पुरायचं. आता घरच्या सर्व्हरवर लॉसलेस (दर्जा न घटवलेल्या) फाइली, फोनपासून स्पीकरपर्यंत एलडॅक (ब्लूटूथचा उंची प्रकार), तोही सेटिंगमध्ये शिरून मुद्दाम ९९० केबीपीएसवर अडकवलेला. "झोपल्यावर ऐकणार कोण?" हा बायकोचा प्रश्न मी अजून टोलवतोय.

आधी इअरबड लावून पाहिले. कुशीवर वळलं की कानात खुपतात, आणि पहाटे तीनला एक बाई कानात येऊन सांगते की बॅटरी संपत आली आहे. मग उशाशी छोटा स्पीकर ठेवला. दरबारी रागाचा ख्याल, मैफलीतलं रेकॉर्डिंग. पंधराव्या मिनिटाला डोळे जड, पंचविसाव्या मिनिटाला मी गेलेला असतो. आणि अडतिसाव्या मिनिटाला द्रुत, म्हणजे शेवटचा जलद भाग, संपतं आणि आठशे माणसं माझ्या बेडरूममध्ये टाळ्या वाजवतात.

म्हणून ऑडॅसिटी (आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर) उघडली आणि द्रुतं कापली. विलंबित (आधीचा संथ भाग) संपत आलं की ९० सेकंदांत आवाज विरत न्यायचा. असे सतरा राग केले. टाळ्या गेल्या, पण आता शांततेनेच जाग येते! गाणं विरलं की दहा मिनिटांत डोळा उघडतो. मग लिफ्टचं दार, खालचं कुत्रं, वरच्यांनी ओढलेली खुर्ची, सगळं स्टिरिओत ऐकू येतं.

बाकीचा बंदोबस्त असा: जाड पडदे, रात्री दहानंतर फोनचा पडदा पिवळा, सहानंतर चहा बंद, मार्चमध्येच बसवलेला नवा बीएलडीसी पंखा (रिमोटवाला, आवाज म्हणाल तर शून्य), गादी जुनीच.

तर प्रश्न: तुम्ही झोपताना काय लावता? कशावर? आणि ते बंद कधी होतं?

जाईजुई, सकाळी ७:१०

वाखु (वाचनखूण) साठवली.

घड्याळाचे गुण मनावर घेऊ नका हो. गेल्या आठवड्यात आमच्या चिरंजीवांनी बाबांचं घड्याळ ओट्यावरच्या दुधी भोपळ्याला बांधलं. ठोके ७४. भोपळा मी आदल्या दिवशी बाजारातून आणलेला, तब्येतीने ठणठणीत. दुपारी त्याची भाजी केली तेव्हा घड्याळ काढून ठेवलं होतं, नाहीतर तेही कळलं असतं.

शुद्धनिषाद, सकाळी ८:०२

द्रुतं कापली? सतरा?

अहो, विलंबित म्हणजे चढण. माणूस घाम गाळत वर पोचतो तेव्हा द्रुताचं पठार लागतं. तुम्ही सतरा गवयांना अर्ध्या घाटात गाडीतून उतरवलंत.

आणि दरबारी ही काय झोपायची गोष्ट आहे? तो मध्यरात्रीचा राग आहे, मध्यरात्री जागं असणाऱ्यांसाठी. सवाई गंधर्व महोत्सव भीमसेनजींनी १९५३ साली गुरूंच्या स्मृतीसाठी सुरू केला. पुढे कित्येक वर्षं शेवटच्या रात्री गाणं पहाटेपर्यंत चालायचं. आम्ही शाली पांघरून बसायचो. डुलकी लागायची, नाही असं नाही, पण ती गाण्यातली डुलकी. ललत सुरू झाला की न उघडता डोळ्यांना उजाडल्याचं कळायचं.

मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. बंद सभागृह सोडलं तर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले फार तर पंधरा दिवस राज्य सरकार १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, दहीहंडीच्या दिवसांत मीच त्याचे आभार मानतो. पण झालं काय, की दरबारी, मालकंस, अडाणा, सोहनी ही मंडळी मैदानातल्या मैफलीतून बेघर झाली. रात्रीचा राग रात्री ऐकायची एकच जागा उरली, ती म्हणजे तुमची उशी. आणि तिथे तुम्ही कात्री घेऊन बसलात.

अर्धजागा, सकाळी ९:१८

निषादकाका, दंडवत. मूळ फाइली शाबूत आहेत, दोन ठिकाणी बॅकअपही. कापल्या त्या प्रती. घाटात उतरवलेल्या सतराही जणांना सकाळी गाडीत पूर्ण ऐकतो, शपथ.

जाईजुई, भोपळ्याला सकाळी किती गुण मिळाले?

बिनआवाजी, सकाळी ९:४०

टाळ्या मोठ्या वाटतात त्याला 'रिप्लेगेन' लावून पाहिलंत का? सगळ्या फाइली एका पातळीला येतात.

अर्धजागा, सकाळी ९:५५ (कॉलमध्ये आहे, म्यूटवर)

तो अख्ख्या फाइलीचा सरासरी जोर काढून ती वर-खाली करतो. एका फाइलीच्या आत आलाप हळू आणि टाळ्या जोरात हे तसंच राहतं. त्याला कम्प्रेसर (लहान-मोठे आवाज जवळ आणणारं फिल्टर) लागतो. तोही लावला होता. आलापातला श्वास आणि टाळी एकाच उंचीवर आली. गवय्याच्या मागच्या तबलजीचं खाकरणंसुद्धा मैफलीचा भाग झालं.

नाइटपाळी, दुपारी १:३०

आत्ता उठलो. हिंजवडी, अमेरिकेची शिफ्ट, सहावं वर्ष. माझी रात्र सकाळी साडेसहाला सुरू होते, म्हणजे शाळेच्या व्हॅन, भंगारवाला आणि कुकरच्या शिट्ट्यांच्या मुहूर्तावर.

अनुभवाचे बोल: शब्द असलेलं काहीही लावू नका. शब्द आला की डोकं अर्थ लावत बसतं. मी निवेदनाच्या पट्ट्या ऐकून पाहिल्या, त्यातली बाई 'आता तुम्ही समुद्रकिनारी आहात' म्हणाली की मी मनात गणपतीपुळ्याचं बुकिंग करू लागायचो.

फोनचा पडदा पिवळा करून फार फरक पडत नाही. खरा फरक घरी येतानाच्या उन्हाने पडतो. डोळ्यात बघण्याच्या पेशींखेरीज नुसता उजेड मोजणाऱ्या पेशी असतात, त्या निळसर उजेडाला जास्त दाद देतात आणि शरीरातल्या घड्याळाला 'दिवस उगवला' म्हणून कळवतात. मी बसमध्ये काळा गॉगल लावून बसतो. सहप्रवाशांना वाटतं डोळे आले आहेत. बाजूची सीट रिकामी मिळते, तो वेगळा फायदा.

नाडीपरीक्षा, दुपारी २:१५

व्यवसायाने डॉक्टर आहे, इथे आयडीपुरता.

भोपळ्याचं कोडं सोपं आहे. तो हिरवा उजेड कातडीत शिरतो, रक्त तो शोषतं, प्रत्येक ठोक्याला रक्त कमी-जास्त होतं तसा परत येणारा उजेड बदलतो. घड्याळ तो बदल मोजतं. समोर रक्त नसलं तरी काहीतरी चढ-उतार सापडतोच, आणि यंत्राला 'सापडलं नाही' म्हणायची सवय कमी. झोपेचं तर आणखी पुढे: हालचाल आणि ठोके यांवरून ते अंदाज बांधतं. मेंदूकडे ते बघतच नाही. खऱ्या झोपचाचणीत डोक्याला, डोळ्यांशेजारी, हनुवटीला इलेक्ट्रोड लावतात. रेम झोप (मिटल्या डोळ्यांची बुबुळं भराभर हलतात ती) १९५३ साली शिकागोत हातात आली तीही असे इलेक्ट्रोड लावूनच. तुम्ही छताकडे बघत निपचित पडलात तर घड्याळ खुशाल झोप धरतं.

५८ वाचून जांभई आली ना? झोपेच्या आकड्यांपायी झोप उडणाऱ्यांसाठी डॉक्टरांनी २०१७ साली 'ऑर्थोसोम्निया' असा शब्दच काढला. घड्याळ पंधरा दिवस कपाटात ठेवा.

एक गोष्ट मात्र गमतीवारी नेऊ नका. घोरता घोरता श्वास थांबतो का, मध्येच गुदमरल्यासारखं होतं का, दिवसा गाडी चालवताना पेंग येते का, हे वहिनींना विचारा. उत्तर 'हो' असेल तर धागा बंद करा आणि तपासणी करून घ्या.

अर्धजागा, दुपारी २:४०

विचारलं. श्वास थांबत नाही. "एका लयीत घोरायचास, मला सवय झाली होती" असं उत्तर आलं. म्हणजे माझी झोप गेल्यापासून तिचीही गेली आहे. हे मला आज कळतंय.

सत्तरीचा_तरुण, संध्याकाळी ५:२०

आमच्या वेळी हे प्रश्न नव्हते असं म्हणणार होतो, पण नातवाने आधीच 'आजोबा, तेच वाक्य नको' म्हणून ताकीद दिली आहे.

साताऱ्याला वाड्यात एक रेडिओ. वडील विविध भारती लावून झोपायचे. (केंद्र १९५७ चं, जवळजवळ माझ्याच वयाचं.) रात्री अकराच्या सुमाराला 'बेला के फूल', मग सभा संपायची आणि मागे उरायची ती नुसती खरखर. मीडियम वेव्हची. ती बंद करायला कोणी उठायचं नाही. सकाळी त्याच खरखरीतून आकाशवाणीची ती धून यायची. वॉल्टर कॉफमन नावाच्या गृहस्थांनी केलेली, व्हायोलिनखाली तंबोरा असलेली. आई म्हणायची, "उठा, पेटी जागी झाली."

गाणं कोणतं लागलं होतं ते एकही आठवत नाही. खरखर आठवते.

दोन_वायरी, रात्री ९:०५

धागा सकाळपासून वाचतोय. सगळे गाण्यावर बोलतायत, डॉक्टर घड्याळावर. धागाकर्त्याने उत्तर पहिल्याच पोस्टमध्ये लिहून ठेवलंय आणि त्याचं त्यालाच दिसत नाही.

झोप कधी बिघडली? मार्चमध्ये. पंखा कधी बदलला? मार्चमध्ये.

तीन प्रश्न. जुना पंखा कोणता होता? त्याचा रेग्युलेटर कसला, मोठा ठोकळा की छोटं बटण? आणि नव्या पंख्याच्या रिमोटवर 'स्लीप मोड' आहे का?

अर्धजागा, रात्री ९:२२

जुना साधाच, लग्नातला. पंधरा वर्षांचा. रेग्युलेटर छोटं गोल बटण. दोनवर ठेवला की गुणगुणायचा, म्हणून तर बदलला. शिवाय तो ७५ वॅटचा, नवा ३० चा. रात्रीच्या आठ तासांचे महिन्याला जवळजवळ ११ युनिट वाचतात, एक्सेलमध्ये आहे.

स्लीप मोड आहे. रोज लावतो. ठरावीक वेळाने वेग एकेक पायरी उतरवत नेतो.

थांबा.

दोन_वायरी, रात्री ९:३१

थांबतो. चहा होऊ दे तुमचा. अरे हो, सहानंतर बंद आहे.

आता ऐका. साधा पंखा म्हणजे एसी मोटर. आपली वीज ५० हर्ट्झची, पण चुंबकाची ओढ लाटेच्या दोन्ही टोकांना लागते, म्हणून पत्रा सेकंदाला १०० वेळा थरथरतो. ती गुणगुण. वर तुमच्या छोट्या बटणात ट्रायक असणार. तो वेग कमी करायला विजेची लाट कापून पुढे सोडतो, त्यामुळे पंखा दोनवर पाचापेक्षा जास्त गुणगुणतो. कंडेन्सरवाला रेग्युलेटर असता तर एवढा गायला नसता. बीएलडीसीत कायमचे चुंबक आणि त्याचं स्वतःचं सर्किट, ती १०० हर्ट्झची थरथर नाही. उरतो फक्त पात्यांचा वारा. आणि स्लीप मोड तोही टप्प्याटप्प्याने काढून घेतो.

लिफ्टचं दार पंधरा वर्षं तेवढ्याच जोरात आपटत असणार. आधी ते गुणगुणीत बुडायचं, आता कोऱ्या कागदावर शाईसारखं पडतं. तुम्ही स्लीप मोड लावत नाही आहात साहेब, झोपमोड लावताय.

नाइटपाळी, रात्री ९:३३

झोपमोड!!! खपलो. धाग्याचं नाव बदला.

अर्धजागा, रात्री ११:५०

बदललं.

हॉलमध्ये अजून जुन्यातलाच एक जोडीदार पंखा आहे, त्याच खरेदीतला. फोनवर स्पेक्ट्रम (किती हर्ट्झचा आवाज किती, तो आलेख) दाखवणारं अॅप घेतलं, पंखा दोनवर केला, खाली सतरंजी टाकून आडवा झालो. आलेखात १०० वर सरळसोट सुळका, २०० वर त्याचा धाकटा भाऊ. बेडरूममध्ये तिथे सपाट मैदान.

पोस्ट लिहायला उशीर झाला कारण मोजता मोजता सतरंजीवर झोप लागली. बायकोने उठवलं.

दोन_वायरी, रात्री ११:५४

जुना पंखा कुठाय? भंगारात दिला नसेल तर परत टांगा. बेअरिंग कुरकुरत असेल तर बदलून घ्या, कंडेन्सर अडीच मायक्रोफॅरडचा मिळतो, किरकोळ पैशांत.

अर्धजागा, रात्री ११:५८

सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनला दिला. दिलेली वस्तू परत कशी मागू? काका आल्या-गेल्याला सांगतात, "साहेबांनी पंखा दिला."

मिरजमळा, सकाळी ६:४०

उशिरा पोचलो, पण १०० हर्ट्झ वाचून राहवेना.

१०० हर्ट्झ म्हणजे पांढरी पाच (पेटीची पाचवी पांढरी पट्टी), मंद्रातली, म्हणजे खालच्या सप्तकातली. नेमकी पांढरी पाच ९८ ला असते, तुमचा पंखा किंचित चढा. आता पांढरी पाचला जनानी तंबोरा लावला तर त्याच्या चार तारांत पहिली पंचम, मधली जोड षड्जाची, आणि चौथी खर्ज, म्हणजे खालचा षड्ज. तो खर्ज ९८ वर. पंधरा वर्षं तुम्ही आणि वहिनी खर्जाखाली झोपलात आणि ११ युनिटांसाठी गवईणबाईंना घराबाहेर काढलंत.

आमच्या मिरजेत तंबोऱ्याची दुकानं सकाळी उघडली की गल्लीत सगळ्या पट्ट्या एकदम वाजतात. लहानपणी सुट्टीत एका कारखान्यात बसायचो. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, एवढा मोठा की त्यात पोर बसेल. दुधी नव्हे, जाईजुईताई! हे खायचे नाहीत, कडू असतात. घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासायचं काम सगळ्यात वयस्कर माणसाकडे. कानस दोनदा फिरवायची, तार छेडायची, मान हलवायची, पुन्हा कानस. मग तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा दोरा सरकवायचा, केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी तो आला की मघापर्यंत 'टण्' म्हणणारी तार एकदम उघडते, जणू तारेत आणखी दहा तारा होत्या. ती जवारी. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलंय: साध्या तारेला जिथे छेडाल तिथे ज्या स्वरांचा स्थिर बिंदू असतो ते स्वर उमटू नयेत असा नियम. तंबोऱ्याची उतरती घोडी तो नियम पाळत नाही, ते स्वरही वाजतात. म्हातारबुवांना रामन ठाऊक नव्हते, दोरा ठाऊक होता. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गल्लीत पेढे वाटले.

तुमच्यासाठी उपाय: तानपुरा मशीन घ्या. बंगळुरूचे राज नारायण, स्वतः बासरीवादक आणि इंजिनिअर, त्यांनी १९७९ साली पहिलं केलं. आता फोनवर फुकट अॅपही आहेत. पांढरी पाच, बारीक पट्टी थोडी चढी, लय अगदी संथ. विरत न्यायचं नाही, रात्रभर चालू द्यायचं. त्याला द्रुत नाही, टाळ्या नाहीत, शेवटच नाही.

शुद्धनिषाद, सकाळी ७:३०

मिरजमळा, सकाळ सार्थकी लावलीत.

धागाकर्ते, तंबोरा ऐकत झोपायला माझी हरकत नाही. गाणं शिकणारी कित्येक पोरं तंबोऱ्याशेजारीच आडवी झालेली मी पाहिली आहेत. त्यांना कुणी उठवत नसे, कान तेव्हाही शिकतात म्हणून. मशीनच्या तंबोऱ्याला मात्र मी तंबोरा म्हणणार नाही. त्याला पंखा म्हणेन.

राइनकाठी, दुसऱ्या दिवशी दुपारी १२:०५ (इथले साडेआठ)

हा धागा वाचून रडू आलं, खरंच सांगते. कोलोनला आठ वर्षं. घरात छताला पंखाच नाही, हुकही नाही. जूनमध्ये सूर्य पावणेदहाला मावळतो. खिडक्यांना 'रोलाडेन' म्हणजे बाहेरून खाली येणाऱ्या पट्ट्यांचे पडदे असतात, ते ओढले की भरदिवसा अमावास्या. रात्री १० ते ६ इथेही शांततेची वेळ, आणि ती पाळतात! नळ सोडतानाही आपण गुन्हा करतोय असं वाटतं. पहिलं वर्षभर मी त्या शांततेने झोपले नाही. आईला फोन करून सांगायचे, "बोलू नकोस, फोन फक्त पंख्याखाली ठेव."

आता दहा तासांचा 'सीलिंग फॅन'चा व्हिडिओ लावते. फक्त त्यात मूळ तुकडा अकरा मिनिटांचाच आहे, पुन्हा पुन्हा जोडलेला. जोडावर बारीक 'टक्' होतं. एकदा ते लक्षात आलं आणि संपलं. आता मी अकराव्या मिनिटाची वाट बघत जागी राहते.

अर्धजागा, दुपारी १२:३०

ताई, तो 'टक्' एमपी३ चा असावा. ती बनवताना पुढे-मागे कोरी शांतता चिकटते, म्हणून जोडावर खड्डा पडतो. फ्लॅकमध्ये (लॉसलेस फाइलीत) तुकडा घ्यायचा, शेवटचे दहा सेकंद पहिल्या दहा सेकंदांवर विरघळवायचे, मग जोड सापडत नाही. मी करून देतो. तंबोऱ्याचं अॅप काल रात्री लावलं, पांढरी पाच, किंचित चढी. पाऊण तासाने झोप लागली, मधे एकदाच जाग. म्हणजे बरं आहे. पण बायको म्हणते, "हे कुणाचं तरी गाणं सुरू होणार असं वाटत राहतं, आणि होत नाही."

खरं आहे तिचं. तंबोरा वाट बघायला लावतो. पंखा कशाचीच वाट बघत नाही.

स्लीप मोड बंद केला आहे. घड्याळ कपाटात. आणि आज रात्री खाली जाऊन खऱ्या पंख्याचं रेकॉर्डिंग करणार आहे, माझ्यासाठी आणि राइनकाठीताईंसाठी. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट पुरे. पंख्याला ९६ नको, एवढी अक्कल आली.

जाईजुई, दुपारी १२:४१

वॉचमनकाकांना काय सांगणार, पंख्याचं गाणं टेप करायला आलोय?

अर्धजागा, रात्री १:१५

करून आलो. काही सांगावं लागलं नाही. केबिनचं दार उघडं, पंखा दोनवर, काका खुर्चीत मान टाकून गाढ. सोसायटीच्या ग्रुपवर एप्रिलपासून 'वॉचमन रात्री झोपतो' म्हणून तक्रारी येतायत, समितीने त्यांना एकदा समजही दिली आहे. मीही त्या मेसेजला अंगठा दिला होता. आता अंगठा काढला.

टेबलावर रजिस्टर होतं, त्यावर फोन ठेवला आणि पायरीवर बसून राहिलो. बावीस मिनिटं मिळाली. जोड विरघळवून तीन तासांची फाइल केली आहे, लिंक खाली देतो. हेडफोनपेक्षा खोलीच्या कोपऱ्यात छोट्या स्पीकरवर, हळू.

राइनकाठी, रात्री १:५० (इथले सव्वादहा)

मिळाली. लावली. अगदी तोच आवाज, आमच्या नाशिकच्या घरातला!

फक्त एक विचारते. पंख्याखाली आणखी एक आवाज आहे, जाड, एका लयीत. ते वॉचमनकाकांचं घोरणं आहे का? काढता येईल?

अर्धजागा, रात्री १:५४

प्रयत्न केला. ते नेमकं १०० च्या आसपासच आहे. घोरणं काढायला गेलं की पंखाही जातो.

राइनकाठी, रात्री १:५८

मग राहू दे.